जे अंगावर, ते आपलं

पहिल्यांदा कयाकमध्ये बसायला आलेला माणूस आधी तळाकडे बोट दाखवतो. होडीच्या बुडाला आरपार भोकं असतात, चार, सहा, कधी आठ, आणि त्यांतून खालचं हिरवट पाणी लुकलुकत असतं. ही फुटकी तर नाही ना, हा प्रश्न तारकर्लीच्या वाळूवर, गोव्यात नेरूलच्या काठावर आणि पवनेच्या जलाशयापाशी हंगामात रोज कुणीतरी विचारतोच. होडीवाला हसतो आणि ‘बसा तर खरं’ म्हणतो. उत्तर एवढ्यावरच थांबतं. खरं तर ते थोडं सविस्तर द्यायला हवं.

ही ‘सिट-ऑन-टॉप’ जातीची कयाक, म्हणजे पोटात शिरून नव्हे तर पाठीवर बसून चालवायची. प्लॅस्टिकची भुकटी साच्यात घालायची, साचा भट्टीत चहूबाजूंनी फिरवायचा, की भुकटी वितळून आतल्या भिंतींना चिकटते आणि एकसंध, पोकळ होडी तयार होते. तिला पाण्यावर तरंगवते ती या पोकळीत कोंडलेली हवा. बसायची जागा पाण्याच्या पातळीहून जराशी वर असते. लाट अंगावर आली की आलेलं पाणी त्या भोकांतून आपलं आपण खाली निघून जातं, डबड्याने उपसत बसावं लागत नाही. भोकं म्हणजे वरचा आणि खालचा थर जोडणाऱ्या नळ्या. आतल्या हवेशी त्यांचा काही संबंध नाही. दोन धिप्पाड माणसं एकट्याच्या होडीत बसली तर मात्र होडी खाली दबते आणि त्याच भोकांतून पाणी वर येऊन बूड भिजवतं. ओझं जास्त झालं, एवढाच त्याचा अर्थ.

धोक्याचं भोक वेगळंच असतं आणि त्याच्याकडे कुणी बोट दाखवत नाही. होडीच्या मागच्या टोकाला आत झिरपलेलं पाणी काढण्यासाठी एक बूच असतं, दहा-वीस रुपयांच्या नाण्याएवढं. धुताना ते काढतात, कठड्यावर ठेवतात आणि विसरतात. मग तिथे चिंधी कोंबली जाते, किंवा काहीच नाही. शिवाय खडकावर, कालवांवर घासून घासून त्या नळ्यांच्या तोंडाशी केसासारखी चीर जाते. पाणी पोकळीत शिरत राहतं आणि वर बसलेल्याला पत्ता नसतो. पन्नास लिटर म्हणजे पन्नास किलो, पण वजनाहून वाईट असते त्याची हालचाल. पाण्याने भरलेली परात उचलून चालताना पाणी ज्या बाजूला कललं त्याच बाजूला परात आणखी कलते, तसंच इथे होतं. होडी अकारण डुलू लागते, आणि मग कुठल्याशा क्षुल्लक लाटेला पालथी होते. म्हणून निघण्याआधी बूच हाताने पिळून बघावं, होडीचं एक टोक उचलून हलवावं आणि आत खळखळतंय का ते ऐकावं. भाड्याने होडी घेणाऱ्याला हे करण्याचा हक्क आहे. होडीवाल्याला राग आला तर येऊ द्यावा.

या होड्या गेल्या काही वर्षांत कोकणात चांगल्याच रुजल्या. इंजिन नाही, डिझेल नाही, आवाज नाही. दोन माणसं उचलून नेतील एवढं वजन. परसातल्या माडाला टेकवून ठेवता येते. घरगुती निवास चालवणाऱ्याला याहून सोपा जोडधंदा कुठला? कार्लीच्या खाडीत, कालावलच्या खाडीत, गोव्यात साळ आणि नेरूलच्या पात्रात, कांदळवनाच्या गल्ल्यांत पिवळ्या-केशरी होड्या सकाळी सकाळी सुटलेल्या दिसतात. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत बचत गटातल्या बायका स्वतः वल्ही मारून पर्यटकांना तिवरांमधून फिरवतात. त्यांची होडी वेगळी, पण त्यांनी दाखवलेला धीमेपणा तोच. कोलाडला कुंडलिकेवर प्रकार निराळा. भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सकाळी पाणी सुटलं की नदी धावू लागते, आणि तिथे लागते पोटात शिरून बसायची आखूड, चपळ कयाक, डोक्यावर हेल्मेट आणि बऱ्यापैकी शिक्षण. या लेखाचा विषय मात्र संथ पाण्यातली हौशी कयाक आहे, कारण बेसावध माणसं तिथेच जास्त असतात.

मुळात ही होडी ज्यांनी घडवली त्यांना भिजणं परवडणारं नव्हतं. ग्रीनलंडपासून अलास्कापर्यंतच्या गोठलेल्या किनाऱ्यांवर इन्युइट, युपिक आणि अल्युट लोकांनी वाहून आलेल्या लाकडांचा किंवा हाडांचा सांगाडा बांधला आणि त्यावर सीलचं कातडं ताणून बसवलं. वर एकच वाटोळं भोक, माणसाच्या कमरेएवढं. शिकारी त्यात पाय पसरून बसायचा आणि अंगातल्या अंगरख्याचा घेर त्या भोकाच्या काठावर आवळून बांधायचा. ग्रीनलंडमध्ये या अंगरख्याला ‘तुइलिक’ म्हणतात. अल्युट बायका समुद्रसिंहाच्या आतड्यांच्या पट्ट्या जोडून पावसाळी अंगरखे शिवत, आणि टाका असा घालत की सुईच्या भोकातून थेंबही आत येऊ नये. होडी पालथी झाली तर शिकारी बाहेर पडत नसे. वल्ह्याच्या एका झटक्याने होडीसकट पुन्हा सरळ होई. त्या पाण्यात बाहेर पडला असता तर काही मिनिटांत हातपाय गारठून निकामी झाले असते. माणूस, कपडा आणि होडी मिळून एकच बंद पिशवी, ही त्यांची रचना. आपल्याकडचं पाणी कोमट. त्यामुळे आपण ती पिशवी उघडी केली, बसायची जागा वर आणली, तळाला भोकं पाडली. बरोबरच केलं. पण होडी कोरडी ठेवायची जबाबदारी गेली, तशी कोरडेपणाची सगळी अक्कलही गेली की काय, असं कधीकधी वाटतं.

एक जुनी गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण ती आपल्या किनाऱ्यावरूनही गेली आहे. १९३२ साली जर्मनीतल्या बेकारीला कंटाळलेला ऑस्कर स्पेक नावाचा तरुण उल्म गावी डॅन्यूब नदीत घडीची कयाक टाकून निघाला. लाकडी सांगाडा, त्यावर रबर लावलेलं कापड. सायप्रसच्या तांब्याच्या खाणीत काम मिळेल, एवढाच बेत होता. पण तो थांबलाच नाही. युफ्रेटिस, इराणचं आखात, मग हिंदुस्थानचा पश्चिम किनारा, श्रीलंका, ब्रह्मदेश, जावा असं करत सात वर्षांनी, सप्टेंबर १९३९ मध्ये, तो ऑस्ट्रेलियाच्या सायबाई बेटावर लागला. तोवर महायुद्ध सुरू झालेलं. स्वागताला आलेल्या पोलिसांनी अभिनंदन केलं आणि शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून लगेच ताब्यात घेतलं. अलीकडे, २०१६-१७ मध्ये, कौस्तुभ खाडे या मराठी तरुणाने गुजरातपासून कन्याकुमारीपर्यंतचा सुमारे ३००० किलोमीटरचा किनारा एकट्याने कयाकमधून वल्हवत पार केला, आणि शांजली शाही जमिनीवरून सायकलने त्याच्याबरोबर चालल्या. हे दोघे दर्यावर्दी आपल्या रविवारच्या सहलीचे आदर्श नव्हेत. पण किनाऱ्यावर आपलं कुणीतरी असावं आणि आपण कुठे आहोत हे त्याला ठाऊक असावं, एवढं एक यातून उचलण्यासारखं आहे.

आता जाकिटाकडे येऊ.

हंगामात कुठल्याही काठावर अर्धा तास उभं राहा. येणारी कुटुंबं पहिली विचारपूस करतात ती फोनची. फोन भिजणार नाही ना, पाऊच मिळेल का, पाऊचचे वेगळे पैसे का? लाइफ जॅकेट मात्र नाखुशीने चढवलं जातं, बहुतेकदा पुढचे दोन पट्टे न लावता, कारण पोटावर बसत नाही किंवा फोटोत नवा शर्ट झाकला जातो. फोनचं पाऊच तीन-तीनदा दाबून तपासणारा माणूस जाकिटाची क्लिप एकदाही ओढून बघत नाही.

१८६१ च्या फेब्रुवारीत इंग्लंडच्या व्हिटबी बंदरावर मोठं वादळ झालं. तिथल्या बचावनौकेवरच्या तेरा जणांनी दिवसभरात अनेक फुटक्या गलबतांवरची माणसं सोडवली आणि शेवटच्या फेरीला त्यांचीच नाव उलटली. बारा जण किनाऱ्यावरच्या लोकांदेखत बुडाले. वाचला तो हेन्री फ्रीमन. त्या दिवशी नव्या तऱ्हेचं, बुचाच्या लाकडाचे ठोकळे शिवलेलं जाकीट त्या एकट्याच्या अंगात होतं. कॅप्टन वॉर्ड नावाच्या अधिकाऱ्याने ते काही वर्षांपूर्वीच तयार केलं होतं. बाकीचेही नवखे नव्हते. आयुष्य समुद्रावर काढलेले कोळीच होते. पोहता येतं, पाण्यात वाढलोय, हे सांगणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट ऐकवावी असं मला वाटतं.

त्यामागचं गणित साधं आहे. माणसाचं शरीर पाण्यात जवळपास वजनहीन असतं; डोकं वर राहायला मोठ्या माणसाला तीन ते पाच किलोंचा जादा उठाव पुरतो. जाकिटांवर हा उठाव न्यूटनमध्ये छापलेला असतो. ५० न्यूटन म्हणजे सुमारे पाच किलो. हे जाकीट शुद्धीवर असलेल्या, पोहता येणाऱ्या आणि जवळ मदत असलेल्या माणसाचं. वल्हवताना हात मोकळे राहावेत म्हणून कयाकवाले हेच पसंत करतात. १०० न्यूटन आणि वरची जाकिटं बेशुद्ध माणसाचा चेहरा आभाळाकडे वळवण्याच्या हिशेबाने केलेली असतात. पोहता येत नसेल तर फुगीर दिसलं तरी हेच मागावं. आपल्याकडे बोटींवरच्या जाकिटांवर ‘आयआरएस’ची, म्हणजे इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंगची, मान्यता छापलेली असते; ती पुसट झाली असली तरी शोधावी. मापाची परीक्षा एका झटक्यात होते. सगळे पट्टे लावा आणि सोबत्याला खांद्यांपाशी धरून जाकीट वर ओढायला सांगा. ते हनुवटीच्या वर, कानांपर्यंत सरकलं तर पाण्यातही तसंच सरकेल, आणि तुम्ही जाकिटाखाली लटकत राहाल. लहान मुलाच्या जाकिटाला दोन पायांमधून जाणारा पट्टा हवाच. मोठ्याचं जाकीट लहानाला घालून पट्टे करकचून आवळणं ही आपली राष्ट्रीय सवय आहे. मूल हात वर करून त्यातून अलगद निसटतं.

अमेरिकेत मौजेच्या नौकाविहारात बुडून मेलेल्यांची दरवर्षी मोजदाद होते, आणि त्यांत साधारण पाचांतल्या चौघांनी जाकीट घातलेलं नसतं. आपल्याला आकडेवारीसाठी तिकडे जायची गरज नाही. १८ जानेवारी २०२४ ला बडोद्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटून बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. बहुतेकांच्या अंगात जाकीट नव्हतं. त्याच वर्षी १८ डिसेंबरला घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली आणि पंधरा जीव गेले. त्यानंतर गेटवेला जाकिटाची सक्ती जाहीर झाली. मे २०२२ मध्ये तारकर्लीलाच पर्यटकांची बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला होता. आपल्याकडे सक्ती दुर्घटनेच्या मागून चालत येते. महाराष्ट्राने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण केलं, जलक्रीडांना सागरी मंडळाचा परवाना लागतो, २६ मे ते ३१ ऑगस्ट हे सगळं बंद असतं. कागद आहेत. पण काठावर जाकिटाची क्लिप लावायला सरकार येत नाही.

परदेशातला एक खटला कयाकवाल्यांच्या दुनियेत अजूनही धडा म्हणून सांगितला जातो. २२ मार्च १९९३ ला इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम रीजिस इथून प्लिमथच्या शाळेतली आठ मुलं, एक शिक्षक आणि दोन प्रशिक्षक कयाकमधून निघाले. जायचं होतं चारमथला, किनाऱ्या-किनाऱ्याने जेमतेम तीन किलोमीटर. शिक्षकाची होडी वारंवार उलटू लागली, एक प्रशिक्षक त्याच्यापाशी थांबला आणि उरलेला घोळका तोवर वाऱ्याने बाहेर लोटला गेला. होड्या पोटात बसायच्या होत्या, पण लाट आत येऊ नये म्हणून कमरेभोवती ताणून बसवतात ते कापड त्यांच्याकडे नव्हतं. एकेक होडी भरत गेली. मुलं वेळेवर पोचली नाहीत हे किनाऱ्यावर दिसत असूनही तटरक्षकांना कळवायला तास गेले. चार मुलं दगावली. त्या केंद्रातल्या दोन प्रशिक्षकांनी आदल्या वर्षी नोकरी सोडताना सुरक्षेच्या त्रुटींबद्दल लेखी इशारा दिला होता. पुढे केंद्र चालवणाऱ्या कंपनीच्या संचालकाला तुरुंगवास झाला आणि १९९५ मध्ये मुलांच्या साहसी केंद्रांसाठी ब्रिटनने वेगळा कायदा केला.

तिकडच्या पाण्याची थंडी वगळा. बाकी सगळं कोकणात जसंच्या तसं घडू शकतं, विशेषतः तो वारा. हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावर पहाटेपासून मतलई वारा असतो, जमिनीवरून समुद्राकडे जाणारा. काठाला माडांच्या आडोशाने पाणी आरशासारखं दिसतं आणि नवख्याला वाटतं, आज काय मस्त हवा आहे! आडोसा संपला की तोच वारा पाठीवर बसतो. जाताना वाटतं आपल्याला वल्हवणं जमू लागलं. परतायला वळलं की कळतं, वल्हं कोण मारत होतं ते. मोठ्या लाटांना माणूस भितो आणि काठावर थांबतो. सपाट पाणी त्याला बाहेर घेऊन जातं. दुपारी खारा वारा सुटला की तो निदान किनाऱ्याकडे ढकलतो. म्हणून जाताना वाऱ्याच्या तोंडावर जावं आणि दमल्यावर वारा पाठीशी घेऊन यावं.

दुसरी गोष्ट पाण्याची. खाडीत कयाक घालणाऱ्याला भरती-ओहोटी कळायलाच हवी, आणि त्यासाठी आपल्या कोळ्यांकडे मोबाइलच्याही आधीचं गणित आहे. तिथीला पाऊणने गुणा, की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या सुमारास. पक्ष कुठलाही असो, हिशेब तोच. गणित ठोकळ आहे, दक्षिणेकडे जाल तशी भरती थोडी लवकर येते, म्हणून छापील तक्ता बघावाच. पण फोनला रेंज नसताना कालनिर्णयावरची तिथी पुरते. मुंबईत उधाणाच्या दिवशी पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं, सिंधुदुर्गात त्याच्या निम्म्याच्या आसपास. अष्टमीच्या आगेमागे, भांगाच्या दिवसांत, चढउतार कमी असतो. नवख्याने तेच दिवस धरावेत. सहा तासांच्या ओहोटीत पाणी सारख्या वेगाने उतरत नाही: पहिल्या तासात थोडं, तिसऱ्या-चौथ्या तासात मिळून जवळजवळ निम्मं, मग पुन्हा मंद. त्या मधल्या दोन तासांत अरुंद खाडीतली ओढ माणसाच्या वल्ह्याला भारी पडते.

देवबागला हे नकाशावरसुद्धा दिसतं. एका बाजूला कार्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधे चिंचोळी पट्टी आणि टोकाला संगम. ज्याला पर्यटक ‘सुनामी आयलंड’ म्हणतात तो वाळूचा पट्टा तिथेच आहे. नदीतून कयाक घेऊन संगमाकडे जाणं हा सगळ्यांचा आवडता बेत. पण जोराची ओहोटी नदीचं पाणी बाहेर ओढत असते तेव्हा समोरून समुद्राच्या लाटा त्याच मुखात शिरतात. दोन्हींची गाठ पडते तिथे लाटा उभ्या राहतात आणि जागच्या जागी फुटतात. भरती चढत असताना संगमाकडे जावं आणि पाणी पलटायच्या आत परत निघावं. स्थानिक माणूस नको म्हणाला तर वाद घालू नये. त्याला तुमच्या भाड्याची गरज आहे, तरी तो नको म्हणतोय.

सामान कोरडं ठेवण्याचा प्रश्न वाटतो तेवढा क्षुद्र नाही. आजचा फोन एकाच वेळी कॅमेरा, पाकीट, नकाशा आणि मदतीची हाक आहे. तो भिजला की चारही गोष्टी एकदम जातात.

ड्राय बॅग म्हणजे जाड प्लॅस्टिकच्या कापडाची, तोंड गुंडाळून बंद करायची पिशवी. पाच, दहा, वीस लिटरच्या मिळतात. नव्याण्णव टक्के लोक ती गच्च भरतात आणि मग तोंडाला एकच घडी उरते. निदान तीन घड्या सपाट, सुरकुती न पडता बसायला हव्यात, म्हणजे पिशवी पाऊणच भरावी. बंद करून गुडघ्याखाली दाबा. हवा सुसाट निघाली तर पाणीही तिथूनच शिरेल. थोडी हवा आत राहू द्यावी, म्हणजे पिशवी पडली तर तरंगते. अशी पिशवी शिंतोडे आणि क्षणभराच्या बुडीसाठी असते, तासभर पाण्याखाली राहण्यासाठी नाही. त्यामुळे औषधं, कागद, पैसे आतल्या छोट्या झिप पिशवीत वेगळे. कयाकच्या पाठीवरच्या झाकणाखालच्या कप्प्यावर मुळीच विश्वास टाकू नये, तो हमखास पाझरतो; त्यातही ड्राय बॅगच ठेवावी. रिकामी, हवा भरलेली एखादी पिशवी आत कोंबली तर चीर गेलेल्या होडीला तेवढाच आधार.

कडक प्लॅस्टिकचा, रबरी कड्याचा डबा जास्त भरवशाचा, पण त्या कड्यावर वाळूचा एक कण किंवा एक केस अडकला की तो चाळणीइतकाच उपयोगी. बंद करण्यापूर्वी कड्यावरून बोट फिरवायची सवय लावावी. दुसरा घोळ उलटा असतो. दमट दुपारी बंद केलेला डबा थंड पाण्यावर गेला की आतल्या हवेतली वाफच दवाच्या रूपाने भिंतींवर बसते आणि आपण डबा गळका म्हणून दुकानदाराशी भांडतो. बुटांच्या खोक्यातून निघणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या जपून ठेवणाऱ्या आयांचा इथे विजय होतो. कोकणातल्या कोळ्याला हे सगळं न शिकवता येतं. त्याची काडेपेटी आणि पैसे पिशवीत पिशवी घालून, फिरकीच्या बरणीत असतात. हजारभर रुपयांच्या परदेशी डब्याहून ती बरणी काही वाईट नाही.

फोन ‘आयपी६८’ आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांसाठी: ती चाचणी प्रयोगशाळेतल्या स्थिर, गोड्या पाण्यात, नव्या फोनवर होते. दोनदा पडलेला, काच बदललेला फोन आणि खारं पाणी यांचा त्या आकड्याशी संबंध नाही. पारदर्शक पाऊच घ्या, पण आधी आत कागदी रुमाल घालून घरी बादलीत पंधरा मिनिटं बुडवून ठेवा. पाण्याचे थेंब पडले की पडद्याला बोट कळत नाही, तेव्हा फोटो आवाजाच्या बटणाने काढायचा हे आधीच ठरवून ठेवावं. खाऱ्या पाण्यात पडलाच तर बंद करावा, गोड्या पाण्याने हलकेच धुवावा, पुसून वाऱ्यावर ठेवावा, पूर्ण सुकेपर्यंत चार्जर लावू नये. तांदळाच्या डब्यात मात्र पुरू नये. २०२४ मध्ये खुद्द अॅपलने तसं सांगितलं. तांदळाचे बारीक कण आत शिरून आणखी नुकसान करतात. घरोघरी हा उपाय अजून चालू आहे, आणि चुकीचा असून तो कधीकधी लागू पडल्यासारखा वाटतो, कारण फोन नुसता ठेवला तरी सुकलाच असता. गाडीची किल्लीही आता इलेक्ट्रॉनिक असते. ती खिशात घालून बुडी मारणारे संध्याकाळी टोइंगवाल्याची वाट बघत बसलेले दिसतात. किल्ली निवासवाल्याकडे ठेवावी. चष्म्याला मागून दोरी बांधावी.

हे सगळं ठेवायचं कुठे, यावर माझं मत पक्कं आहे. जे गेलं तर चालेल ते होडीत. ज्याच्यावाचून परत येता येणार नाही ते अंगावर. होडी उलटली आणि हातातून सुटली तर वाऱ्याने ती माणसाच्या पोहण्यापेक्षा वेगाने पळते, आणि सुंदर बंद केलेल्या ड्राय बॅगेतला फोन तिच्याबरोबर जातो. म्हणून पाऊचमधला फोन जाकिटाच्या चेनच्या खिशात किंवा जाकिटाला बांधलेला, आणि खांद्यापाशी एक शिट्टी. ओरडून आवाज बसतो, शिट्टी फुंकायला श्वास पुरतो. तीन लांब शिट्ट्या म्हणजे मदत हवी. फोनमध्ये तटरक्षक दलाचा १५५४, सागरी पोलिसांचा १०९३ आणि ११२ हे क्रमांक आधीच नोंदवलेले असावेत. कुठे निघालो, किती वाजता परतणार आणि तोवर न आल्यास कुणाला फोन करायचा, हे किनाऱ्यावरच्या एका माणसाला सांगून जावं.

दोरीबद्दल एक सावधगिरी. खाडीत आणि संथ समुद्रात वल्हं होडीला बांधलेलं बरं; वल्हं गेलं की होडी नुसतं प्लॅस्टिक उरते. पण वाहत्या नदीत, कुंडलिकेसारख्या ठिकाणी, अंगाला किंवा होडीला लोंबणारी कुठलीही दोरी झाडाच्या मुळांत अडकून माणसाला पाण्याखाली धरून ठेवते. तिथे काहीही बांधू नये.

आणि उलटून बघावं, मुद्दाम. कमरेएवढ्या पाण्यात, सोबत्याच्या देखत, निघण्याआधी. पालथी होडी पलीकडची कड धरून आपल्याकडे ओढली की सरळ होते. मग पाय मागे मारत पोटावर आडवं चढायचं, कूस वळवून बूड जागेवर आणायचं, शेवटी पाय आत. सगळ्यांना वाटतं खांदे लागतात, लागतात पाय. पहिल्यांदा जमत नाही. ते काठाजवळ न जमलेलं बरं. होडीवर चढता आलं नाही तरी तिला सोडून किनाऱ्याकडे पोहू नये, कारण शोधणाऱ्याला केशरी होडी दिसते, काळं डोकं दिसत नाही.

बाकी धोके थोडक्यात. ओहोटीला खडकावरची कालवं उघडी पडतात आणि पाय सुरीसारखे कापतात, म्हणून चपला नव्हे तर मागून बंद बूट. कांदळवनात पाणी उतरलं की होडी चिखलात रुतते आणि उतरलेला माणूस मांडीपर्यंत जातो. होडीतच बसून भरतीची वाट बघावी. कुंभारजुवे कालव्यात, वाशिष्ठीत आणि सावित्रीत मगरी आहेत. तिथे मोठ्या बोटीतून बघाव्यात, हात पाण्यात सोडून नव्हे. थंडीपासून वाचवणारा वेटसूट आपल्या पाण्यात लागत नाही, उन्हाचा त्रास खरा. पाण्यावरून परतणारं ऊन हनुवटीखालीही भाजतं. लांब बाह्यांचा पटकन सुकणारा शर्ट, टोपी आणि प्यायचं पाणी वाटतं त्याच्या दुप्पट.

परत आल्यावरचं काम कुणाला आवडत नाही आणि तिथेच सामानाचं आयुष्य ठरतं. चेन, क्लिपा, डब्याची कडी गोड्या पाण्याने धुवावीत, नाहीतर मीठ पंधरा दिवसांत चेन जाम करतं. होडीचं बूच काढून ती कलती ठेवावी आणि बूच होडीलाच बांधून टाकावं. पावसाळ्यात होडी कुशीवर, सावलीत. उन्हात सपाट ठेवली तर बूड चेपतं. जाकीट सावलीत टांगून सुकवावं; बसायला उशी म्हणून वापरलेल्या जाकिटाचा फोम चेपून मरतो. दर हंगामाच्या सुरुवातीला फोम मुठीत दाबून बघावा, शिवण ओढून बघावी, उथळ पाण्यात घालून हातपाय सैल सोडून बघावं. दाबलेला फोम परत फुगला नाही, किंवा रंग उडून कापड नखाने फाटू लागलं, तर ते जाकीट संपलं. ते टाकताना कात्रीने पट्टे कापावेत आणि मधोमध चिरावं. कोकणात काही फुकट जात नाही. सबंध टाकलेलं जाकीट धुऊन-बिऊन पुढच्या हंगामात शेजारच्या धक्क्यावर कुणाच्यातरी मुलाच्या अंगात दिसेल.